वाचकांचे प्रश्न : लांब पल्ल्याची सायकल आणि तिची निगा

पाऊस उघडला की मराठवाड्यात लांब राइडचा हंगाम सुरू होतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे सायकलच्या देखभालीविषयी असल्यामुळे उत्तरेही त्याच विषयावर देत आहे.

प्रश्न : प्रत्येक राइडच्या आधी मी चेनला भरपूर तेल घालतो, तरी पन्नास-साठ किलोमीटरनंतर ती करकरू लागते आणि पोटरीवर काळे डाग पडतात. तेल बदलावे की चेन? (एक वाचक, जालना)

उत्तर : आपल्या पत्रातला ‘भरपूर’ हाच शब्द अडचणीचे मूळ सांगतो. तेलाची गरज चेनच्या आत, म्हणजे रोलर आणि पिन यांच्यामध्ये असते. बाहेरच्या पट्ट्यांवर राहिलेले तेल काहीच कामाचे नसते, उलट ते धूळ धरून ठेवते. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी रस्त्यांच्या कडा उखडल्या की हिवाळाभर आपल्या भागात हवेत बारीक धूळ असते, आणि ती तेलात मिसळली की ते मिश्रण कानशीसारखे पिना व रोलर झिजवत राहते. म्हणून राइडच्या आदल्या रात्री प्रत्येक रोलरवर एकच थेंब सोडावा, पेडल उलटे फिरवून तेल आत मुरू द्यावे आणि सकाळी निघण्यापूर्वी जुन्या सुती कापडाने चेन बाहेरून कोरडी पुसून घ्यावी. दसऱ्यापासून मृगापर्यंत कोरड्या हवेसाठीचे पातळ तेल किंवा मेण वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे; घट्ट, ओले तेल पावसाळ्यापुरते ठेवावे.

चेन बदलायची की नाही, हे मोजूनच ठरवावे. शेजारच्या दोन पिनांच्या मध्यांत नेमके अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर अंतर असते, म्हणून अशी २४ अंतरे पोलादी पट्टीवर १२ इंच भरली पाहिजेत. चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात पट्ट्या लांबत नाहीत; पिना आणि त्यांच्या बैठका झिजतात व त्या बारीक झिजेची बेरीज लांबीत दिसते. ११ किंवा १२ गिअरच्या कॅसेटवर (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचावर) १२ इंचांत सुमारे दीड मिलिमीटर वाढ दिसली, तर चेन बदलावी. ९ किंवा १० गिअरच्या कॅसेटवर सव्वादोन मिलिमीटरपर्यंत थांबता येते. त्याही पुढे तीच चेन चालवली, तर कॅसेटचे दातही तिच्या मापाने झिजतात, मग नवी चेन त्यांवरून घसरू लागते आणि चेनच्या कित्येक पट महाग असलेली कॅसेटही बदलावी लागते.

प्रश्न : बाभळीच्या काट्यांनी मी बेजार झाले आहे. ट्यूबलेस टायर घ्यावेत का? गावातल्या दुकानात माझ्या चाकाची ट्यूबही मिळत नाही. (एक शिक्षिका, लातूर)

उत्तर : आधी ट्यूबचे पाहू. खेड्यातल्या दुकानात जुन्या काळ्या सायकलची २८ इंची ट्यूब मिळते, पण त्या चाकाच्या रिमचे माप ६३५ मिलिमीटर असते आणि आपल्या ७००सी, म्हणजे हल्लीच्या रोड सायकलच्या, चाकाचे ६२२. ट्यूब रबराची असल्यामुळे हा फरक एक वेळ निभावून नेता येतो. खरी अडचण वॉल्व्हची आहे, कारण आपल्या रिमचे भोक बारीक, प्रेस्टा नावाच्या वॉल्व्हपुरतेच असते आणि जुन्या सायकलचा जाड वॉल्व्ह त्यातून जातच नाही. त्यामुळे दोन जादा ट्यूब आणि ठिगळे सोबत असलीच पाहिजेत. त्याबरोबर एक छोटा पितळी अडॅप्टरही ठेवावा. तो वॉल्व्हवर बसवला की मोटारसायकलचे पंक्चर काढणाऱ्या कोणत्याही दुकानात हवा भरता येते. सोल्युशनची नळी एकदा उघडली की आतून वाळू लागते, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला नवी घ्यावी.

ट्यूबलेस टायरमधले द्रव सीलंट बाभळीच्या काट्यासाठी उत्तम आहे, कारण भोक बारीक असल्याने ते लगेच बुजते. मात्र हे सीलंट बहुधा लॅटेक्सचे असते आणि आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकते, तेव्हा दर दोन महिन्यांनी टायर उघडून पाहण्याची तयारी असेल तरच त्या वाटेला जावे. नसेल तर ट्यूबच बरी. पंक्चर काढताना एक काळजी अवश्य घ्यावी : काट्याचे टोक टायरमध्ये मोडून राहते आणि नवी ट्यूबही दोन किलोमीटरांत फोडते, म्हणून टायर आतून कापडाने चाचपून ते टोक चिमट्याने काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये.

प्रश्न : समृद्धी महामार्गावर सराव करता येईल का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नाही. त्या मार्गावर दुचाकींनाही प्रवेश नाही, मग सायकलींचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करतो आणि या हंगामात पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राइड) करणार आहे. आठवडाभर वेळ मिळत नाही. सायकलकडे कधी पाहावे? खाण्याचे काय करावे? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, आणि त्यांतच चेकपॉइंट, जेवण व पंक्चर सारे बसवायचे असते. म्हणून रस्त्यात सायकल दुरुस्त करावी लागू नये, हीच तयारीची दिशा असावी. रविवारी राइडहून परतल्यावर आंघोळीच्या आधी दहा मिनिटे द्यावीत : चेन पुसावी, टायरमधले खडे काढावेत, चाके फिरवून ब्रेक घासत नाही ना ते पाहावे. जे दोष दिसतील ते बुधवारपर्यंत दुरुस्त करावेत. ब्रेव्हेच्या आधीच्या आठवड्यात सीट, बूट किंवा चेन यांपैकी काहीही नवे बसवू नये. पुढचा आणि मागचा दिवा व परावर्तक जाकीट अंधारात सक्तीचे असते, त्यामुळे दिव्यांचे चार्जिंगही तपासावे.

घरचे धपाटे, गूळ-शेंगदाणे आणि मीठ घातलेले ताक यांवर दिवस उत्तम निघतो. उन्हात नुसते पाणी पीत राहू नये. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून प्रत्येक दुसऱ्या बाटलीत ओआरएस मिसळावे.

प्रश्न : पावसाळ्यात शेतरस्त्यावरची काळी माती चाकांत अडकून सायकल ढकलताही येत नाही. (एक वाचक, परभणी)

उत्तर : काळ्या मातीतला चिकणमातीचा अंश पाणी शोषून फुगतो आणि टायर व मडगार्ड यांच्यामधल्या फटीत थरावर थर बसतो. अशा वेळी सायकल ढकलली, तर माती आणखी गोळा होते आणि मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) मोडण्याचा धोका असतो. सायकल सरळ खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत चालत जावे आणि तिथे काडीने माती खरवडावी. घरी आल्यावर माती वाळण्याच्या आत बादलीभर पाणी आणि फडके घेऊन सायकल धुवावी. गाड्या धुणाऱ्या सेंटरवरचा जोराचा फवारा हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलच्या आसाच्या बेअरिंगवर) कधीही मारू देऊ नये, कारण त्या दाबाने पाणी सीलच्या आत शिरते आणि ग्रीस धुऊन निघते. नंतर क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, धरून आडवा हलवून पाहावा. तो डगमगला किंवा फिरवताना खरखरला, तर पुढच्या लांब राइडच्या आधीच बेअरिंग तपासून घ्यावे.