सायबरबुलिंगला मुलं कशी तोंड देतात हे मोजायला कुठली प्रश्नावली वापरू? (एमए डेझर्टेशन, आठवी ते दहावी)

त्यासाठीच बनवलेली एक प्रश्नावली आहे, कोपिंग विथ सायबरबुलिंग क्वेश्चनेअर, स्टिका आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये छापलेली, स्वित्झर्लंड, इटली आणि आयर्लंडच्या मुलांवर तपासलेली. त्यात सात प्रकार येतात: घरच्यांचा-मित्रांचा आधार, शिक्षक किंवा पोलिसांसारख्या बाहेरच्यांचा सल्ला, समोरच्याला ठामपणे थांब म्हणणं, बदला, मुद्दाम दुर्लक्ष, हतबल होऊन स्वतःलाच दोष देणं, आणि ब्लॉक-रिपोर्टसारखे टेक्निकल उपाय.

सगळ्यांची बेरीज करून एकच ‘कोपिंग स्कोअर’ मात्र काढू नका प्लीज, बदला आणि आधार एकत्र मिळवून काय कळणार? प्रत्येक सबस्केलचा, म्हणजे या सातपैकी एकेका प्रकाराचा, अल्फा (त्यातले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) वेगळा काढा.

खरी गोची पुढे आहे. ‘असं झालं तर तू काय करशील’ विचारलं की सगळी मुलं शहाणी होतात, आईला सांगेन, ब्लॉक करेन वगैरे, आणि प्रत्यक्षात झालेलं असतं तेव्हा बरीच गप्प बसलेली असतात कारण घरी कळलं तर आधी मोबाईलच जाणार, त्यामुळे ज्यांच्यासोबत खरंच घडलंय त्यांना ‘गेल्या काही महिन्यांत काय केलंस’ असं वेगळं विचारा आणि दोन्ही गटांचा डेटा मिसळू नका.

मराठी भाषांतर केलंत तर बॅक ट्रान्सलेशन (ते मराठी दुसऱ्या कुणाकडून परत मूळ भाषेत करून ताडून बघणं) कराच, आणि दहाबारा मुलांकडून वाक्यं मोठ्याने वाचून घ्या, कुठे अडखळतात ते लगेच दिसतं. पालकांची संमती हवीच, मुलांचीही. फॉर्म वर्गशिक्षकांसमोर भरून घेऊ नका. शेवटी 1098 चाइल्डलाइन नंबर छापा.