फ्रीटाऊनच्या वस्त्यांची नावं

प्रश्न: सिएरा लिओनच्या फ्रीटाऊनचा मॅप बघत होतो. एकीकडे वेलिंग्टन, वॉटर्लू, रीजंट आणि दुसरीकडे काँगो टाऊन, क्रू टाऊन, किसी! इंग्रजांनी सुचेल ती नावं ठेवली का?

उत्तर: वेलिंग्टन-वॉटर्लू ही त्यांचीच, त्यात शंका नाही. गुलामांचा व्यापार बंद करणाऱ्या १८०७ च्या कायद्यानंतर ब्रिटिश नेव्ही गुलामांची जहाजं पकडून माणसं फ्रीटाऊनला उतरवायची, त्यांच्यासाठी शहराबाहेर गावं वसवली आणि गव्हर्नर लोकांनी लढाया नि लॉर्ड आठवून नावं दिली. रीजंटचं आधीचं नाव हॉगब्रुक, म्हणजे चक्क डुक्कर-ओढा! मला विचाराल तर तेच बरं होतं.

पण त्याच सुटलेल्या लोकांमुळे काँगो टाऊन आणि किसी ही नावं पण पडली, कारण काँगोकडचे एकत्र राहिले, किसी जमातीचे एकत्र. त्यांच्यातल्या योरुबा (आताच्या नायजेरियाकडच्या) लोकांना तर सगळे 'आकू' म्हणायला लागले, का तर ते एकमेकांना भेटले की 'एकू' करून नमस्कार सुरू करायचे.

खरी भानगड जुन्या शहरात आहे. १७९२ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून सुमारे १,२०० काळे लोक आले, बरेचसे अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटलेले, त्यांचा तो सेटलर टाऊन. जमीन फुकट म्हणून आणलं आणि नंतर वसाहत चालवणाऱ्या सिएरा लिओन कंपनीने तिच्यावर दरवर्षी सारा, म्हणजे जमिनीचा कर, मागितला, मग काय, १८०० मध्ये लोक उठले, आणि नेमके तेव्हाच जमैकाचे मॅरून (रंगाशी काही संबंध नाही हां, मळ्यांतून पळून डोंगरात स्वतंत्र राहिलेल्यांचे हे वंशज) बंदरात उतरले तर कंपनीने त्यांनाच बंड मोडायला पाठवलं. ज्यांना मारलं त्यांच्याच शेजारी राहायचं म्हटल्यावर मॅरून टाऊन वेगळा झाला यात नवल ते काय.

क्रू टाऊनवाल्यांना मात्र कुणी सोडवून आणलेलं नव्हतं. हे लायबेरियाच्या किनाऱ्यावरचे खलाशी, जहाजावर काम मिळतं म्हणून आपणहून आले. कपाळावर मधोमध निळी उभी रेघ गोंदलेली असायची, त्यावरून लांबूनच कळायचं की हा क्रू माणूस आहे.