संस्थांवर टीका करणारं राजकीय आर्ट शेवटी त्याच संस्थांच्या भिंतीवर लागतं, मग त्याला अर्थ काय?

सरसकट निषेधाला संस्था घाबरतच नाहीत हो. "युद्ध नको", "व्यवस्था सडलीय" असं कितीही मोठ्या अक्षरात लिहा, उद्घाटनाला चहा-सामोसे मिळतील वर फोटोही निघेल. नाव-पत्ता दिला की मग झोंबतं.

हान्स हाके या जर्मन कलाकाराचंच बघा. 1970 ला न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये त्यानं दोन पारदर्शक मतपेट्या ठेवल्या आणि विचारलं, गव्हर्नर रॉकफेलर राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या इंडोचायना (म्हणजे व्हिएतनाम युद्धाच्या) धोरणाविरुद्ध बोलले नाहीत, तर नोव्हेंबरात त्यांना मत न द्यायला हे कारण पुरेल का? आता हे रॉकफेलर त्याच म्युझियमचे ट्रस्टी, आणि त्यांच्या आईनं ते उभं करण्यात पुढाकार घेतलेला! "हो"ची पेटी दुपटीनं भरली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तरी मोमानं ते राहू दिलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्याच गुगेनहाइम म्युझियमनं मात्र हाकेचं अख्खं प्रदर्शन उघडायच्या आधीच रद्द केलं, आणि कशावरून तर मॅनहॅटनमधल्या एका घरमालकाच्या नि त्याच्या गोतावळ्याच्या इमारतींचे फोटो, सोबत मालकी कोणत्या कंपनीची, गहाण किती, असा सातबारा टाइप तपशील, तोही सरकारी दप्तरातूनच काढलेला. ना घोषणा ना शिव्या. हाकेची बाजू घेणाऱ्या क्युरेटरची नोकरीही गेली.

2007 ला तेच काम न्यूयॉर्कच्या व्हिटनी आणि बार्सिलोनाच्या म्युझियमनं मिळून विकत घेतलं, म्हणजे तुमचं म्हणणं खरंय, पचवतात, पण 36 वर्षांनी, प्रकरण पार गार झाल्यावर.

आणि न्यूयॉर्कच कशाला, आपलं तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' नाटक घ्या. 16 डिसेंबर 1972 ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग, आणि 19 प्रयोगांनंतर बंद कुणी केलं तर ते बसवणाऱ्या खुद्द पीडीए या नाट्यसंस्थेनं! मग मंडळी बाहेर पडली, थिएटर अ‍ॅकॅडमी काढली, नाटक परत उभं केलं. पुण्यात अजून नाना फडणवीस खरंच नाटकातल्यासारखे होते का यावरच वाद घालतात, मला तर संस्थेनं स्वतःचंच नाटक का थांबवावं हा प्रश्न जास्त इंटरेस्टिंग वाटतो.

अगदी अलीकडचं म्हणजे 2019 चं, अमोल पालेकरांचं. मुंबईच्या एनजीएमएत, म्हणजे सरकारी आधुनिक कला संग्रहालयात, चित्रकार प्रभाकर बरव्यांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं, आणि पालेकर बोलत होते ते स्थानिक कलाकारांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्या त्याबद्दल, म्हणजे कुठली प्रदर्शनं लावायची ते आता दिल्लीतून ठरणार का वगैरे. इतका रुक्ष, ऑफिसातल्या फायलीतला विषय! तरी भाषण मध्येच तोडलं, बरव्यांबद्दलच बोला म्हणून.