जावा: इक्वल्स मेथड लिहिली, तरी हॅशसेटला ऑब्जेक्ट का सापडत नाही?

तुमचा ‘विद्यार्थी’ क्लास आहे, इक्वल्समध्ये रोल नंबर ताडून पाहता, थेट तुलना केली की ट्रू येतं आणि हॅशसेटचं कंटेन्स (ऑब्जेक्ट सेटमध्ये आहे का, ते सांगणारी मेथड) मात्र फॉल्स देतं. कारण तुम्ही ओव्हरराइड (वारशाने आलेली मेथड नव्याने लिहिणं) केलेलंच नाही, ओव्हरलोड (त्याच नावाची, पण वेगळ्या पॅरामीटरची आणखी एक मेथड लिहिणं) केलंय.

तुमच्या मेथडच्या कंसात पॅरामीटरचा टाइप ‘विद्यार्थी’ आहे. सगळ्या क्लासेसचा पूर्वज असलेल्या ऑब्जेक्ट क्लासकडून वारशाने आलेल्या इक्वल्सचा पॅरामीटर ‘ऑब्जेक्ट’ टाइपचा असतो. नाव एकच, पण पॅरामीटर निराळा, त्यामुळे जावाच्या लेखी या दोन वेगळ्या मेथड्स आणि तुमच्या क्लासात सध्या दोन्ही नांदताहेत. थेट तुलनेत कंपायलर तुमची मेथड निवडतो. हॅशसेटच्या कोडला तुमचा क्लास ठाऊकच नाही, तो ऑब्जेक्टवालीच बोलावणार. ती फक्त दोन्ही रेफरन्स एकाच ऑब्जेक्टचे आहेत का, एवढंच बघते.

आधी मेथडच्या डोक्यावर @ओव्हरराइड लिहा. जावा 5 पासून ही सोय आहे, तरी लोक कंटाळा करतात. लिहिलंत की कंपायलर तिथेच अडेल. मग पॅरामीटर ‘ऑब्जेक्ट’ करा, आत इन्स्टन्सऑफने टाइप तपासा (नल आलं तरी फॉल्सच मिळतं, वेगळी तपासणी नको), नंतर कास्ट करून रोल नंबर ताडा. रोल नंबर स्ट्रिंग असेल तर == वापरू नका. आणि पब्लिक गाळू नका: वारशाने आलेली मेथड पब्लिक असताना तिची दारं लहान करता येत नाहीत, कोड कंपाइलच होणार नाही.

एवढं झालं तरी कंटेन्स बहुधा फॉल्सच देईल! हॅशसेट आधी हॅशकोड, म्हणजे ऑब्जेक्ट कोणत्या कप्प्यात ठेवायचं ते ठरवणारा आकडा, बघतो. तो जुळला नाही तर इक्वल्सपर्यंत गाडी जातच नाही. तुम्ही हॅशकोड लिहिला नसेल, तर ऑब्जेक्ट क्लासचा वापरला जातो आणि त्यात सारख्या रोल नंबरच्या दोन ऑब्जेक्ट्सचे आकडे सहसा वेगळे निघतात. खात्री करायची तर तेच ऑब्जेक्ट ॲरेलिस्टमध्ये टाकून बघा: तिथे हॅशकोडचा संबंध नाही, त्यामुळे कंटेन्स ट्रू देईल. तेव्हा हॅशकोडही ओव्हरराइड करा, आत ऑब्जेक्ट्स.हॅशला रोल नंबर द्या, बास. इक्वल्समध्ये नसलेलं फील्ड, म्हणजे नाव किंवा पत्ता, त्यात घुसडू नका.

रोल नंबर फायनल (एकदा दिला की न बदलणारा) ठेवा. सेटमध्ये टाकल्यावर तो बदलला, तर ऑब्जेक्ट जुन्या हॅशच्या कप्प्यात पडून राहतं आणि शोध नव्या हॅशने होतो. लूप फिरवलात तर दिसेल, पण कंटेन्स आणि रिमूव्ह दोघांनाही सापडणार नाही.