छाटणीची तारीख टोळीला विचारून धरा

अनेक आशीर्वाद.

शेतकरी कंपनीत रुजू होताच तुझ्याकडे मजुरांचा विषय आला, हे बरंच झालं. फवारणीचं वेळापत्रक सांगणारे पुष्कळ भेटतात. माणसं कुठून आणायची म्हटलं की मात्र 'रोज वाढवून द्या' एवढं सांगून सगळे मोकळे होतात.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत आधी तारीख येते, भाव नंतर. ऑक्टोबर छाटणी झाली की पेस्ट, फेलफूट म्हणजे बिनघडाच्या फुटींची काढणी, विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, सगळं दिवस मोजून. मणी तीन-चार मिलिमीटरचा झाला की जीएचं म्हणजे जिबरेलिक ॲसिड या संजीवकाचं डीप, पुन्हा सहा-सात मिलिमीटरला. तेव्हाच मजुरांची टोळी चार दिवस आली नाही तर मण्याची फुगवण हातची जाते, मग कितीही पैसे ओता. आणि अख्ख्या गावाने एकाच आठवड्यात कात्री लावली असेल, तर माणसंही सगळ्यांना एकदमच लागणार. मग एकमेकांच्या टोळ्या पळवणं सुरू होतं.

पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या माणसांचीही शेती आहे, हे आपले बागायतदार सोयीस्कर विसरतात. त्यांचं भात आणि नागली ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणीला येते, त्याच सुमारास दिवाळी. मार्चमध्ये इकडे माल काढणीला आणि तिकडे होळी. होळीला ती माणसं घरी जाणार म्हणजे जाणारच. 'ऐन वेळी दगा दिला' असं म्हणणाऱ्याला विचार, छाटणी धरताना मुकादमाशी बोलला होतात का?

म्हणून सभासदांच्या छाटणीच्या तारखा एका वहीत मांड आणि शेजारच्या रकान्यात टोळी घरी जाण्याचे दिवस लिही. अडचण कुठे येणार ते सप्टेंबरातच दिसेल. चार-पाच शेजाऱ्यांना मिळून एक टोळी धरायला लाव आणि त्यांच्या छाटण्यांत चार-पाच दिवसांचं अंतर ठेव. मोठा प्लॉट असेल तर दोन टप्प्यांत. पण लवकर छाटलेल्या बागेला परतीच्या पावसात डावणी या बुरशीच्या रोगाची भीती असते, तेव्हा आधीचा नंबर चांगल्या निचऱ्याच्या जमिनीला दे. भाऊबंदकी आड येईल, एखादा रुसेल. त्याला चहा पाजून समजावणं हेही तुझ्याच कामात येतं.

ठेका एकरी असो की रोजावर, पावसाचा खाडा कुणाच्या अंगावर हे आधी ठरव. टोळी मुक्कामाला आहे, दोन दिवस पाऊस लागला, चूल तर पेटवावीच लागते. अर्धा रोज देणाऱ्याकडे टोळी पुढच्या वर्षी फिरून येते, असं मी बघत आलोय. उचल म्हणजे आगाऊ दिलेले पैसे दोन वह्यांत लिहायचे, एक मुकादमाकडे. बाईचा हिशेब बाईच्या हातात. यावर कुरकुर होईल, ऐकू नकोस.

आता ज्यात हयगय चालत नाही ते. डोळे फुटावेत म्हणून काड्यांना लावतात त्या हायड्रोजन सायनामाइडच्या पेस्टचं आणि दारूचं वैर आहे. आदल्या दिवशी किंवा नंतरच्या काही दिवसांत घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, माणूस कोसळतो. नुसते हातमोजे वाटून भागत नाही. कामाच्या आदल्या दिवसापासून पुढे आठवडाभर दारू बंद, हे बागेत उभं राहून सांगायचं, आणि ज्याच्या तोंडाला वास येईल त्याला दुसरं काम द्यायचं. 2017 साली यवतमाळात फवारणीने माणसं दगावली, तेव्हा कुठे लोकांचे डोळे उघडले.

पिकअपचंही तसंच. मालाच्या गाडीत माणसं कोंबून आणली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं, वय 18 ते 70, बँकेत खातं हवं. टोळी आल्याच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांना बँकेत घेऊन जा, पैसे कंपनीने भरावेत. एका कात्रीच्या किमतीत आख्खी टोळी बसते.

माल युरोपला जाणार असेल तर तपासणीला येणारे मजुरांची नोंद, पिण्याचं पाणी, संडास हेही बघतात. त्यासाठी वेगळी फाइल करत बसू नकोस, वरची वही नीट ठेवलीस तर निम्मं काम तिच्यातच होतं.

दसऱ्याच्या आत तारखांची यादी मला पाठव. मुकादमांशी बोलायला गिरणाऱ्याला जाशील तेव्हा सकाळी लवकर जा, ऊन वर आलं की तिथे कुणी सापडत नाही.

तुझा,
काका