आमदार खजिनदार होतो तेव्हा

प्रश्न : माझी पुतणी अमेरिकेत मेरीलँड राज्यात राहते. तिच्या राज्याचे खजिनदार डेरेक डेव्हिस आधी सव्वीस-सत्तावीस वर्षं आमदार होते म्हणे. एवढी आमदारकी करून खजिनदार होणं ही बढती समजायची की अडगळ? आणि हे पद म्हणजे आपले अर्थमंत्रीच ना?
– सु. द., मुलुंड (पूर्व)

उत्तर : ताई, अडगळ नाही आणि अर्थमंत्रीही नाही. माझी सगळी नोकरी मुंबईच्या अधिदान व लेखा कार्यालयात बिलं तपासण्यात गेली. त्यामुळे कुठलंही सरकार दिसलं की मी आधी तीन गोष्टी बघते : पैसा मागतं कोण, मंजूर करतं कोण आणि हातात ठेवतं कोण.

मेरीलँडमध्ये पैसा मागतो गव्हर्नर, म्हणजे तिथला मुख्यमंत्रीच म्हणा. मंजूर करतं विधिमंडळ, म्हणजे खालच्या सभागृहाचे 141 डेलिगेट आणि वरच्या सभागृहाचे 47 सिनेटर. आणि खजिनदार निवडतात तेही हेच 188 जण, एकत्र मतदान करून, चार वर्षांसाठी. जनतेला त्यात मत नाही. आपल्या विधान परिषदेच्या 30 जागा विधानसभेचे आमदार भरतात, साधारण तसंच. मग आमदार आपल्यातलाच कुणी निवडणार, हे ओघानं आलंच. ल्युसिल मॉरर 1987 मध्ये आल्या, रिचर्ड डिक्सन 1996 मध्ये, नॅन्सी कॉप 2002 मध्ये, डेव्हिस डिसेंबर 2021 मध्ये. चौघंही खालच्या सभागृहात बसून आलेली. कॉपबाई तर 1975 पासून आमदार, मग जवळजवळ वीस वर्षं खजिनदार, आणि सगळं एकाच पक्षात राहून! आपल्याकडच्या वाचकांना हे वेगळं सांगावं लागतं.

डेव्हिस 1995 साली प्रिन्स जॉर्जेस काउंटीतून आमदार म्हणून सभागृहात आले. 2003 पासून ते ज्या समितीचे अध्यक्ष होते, तिच्याकडे विमा, बँका, वीज कंपन्या, कामगार यांची विधेयकं जातात. कुणाचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे कळायला याहून बरी जागा नाही. खजिनदार म्हणून ते राज्याची रोकड सांभाळतात, गुंतवतात, सरकारी मालमत्तेचा विमा बघतात आणि कर्जरोखे विकतात. तिथल्या राज्यघटनेनं कर्ज फेडायला 15 वर्षांची कमाल मुदत घातली आहे, त्यामुळे नातवंडांच्या माथी मारायची सोय नाही.

पण या पदाचा खरा वट दुसरीकडे आहे. मेरीलँडमध्ये ‘बोर्ड ऑफ पब्लिक वर्क्स’ नावाचं तिघांचं मंडळ आहे : गव्हर्नर, लोकांनी निवडलेला कॉम्पट्रोलर (लेखा नियंत्रक) आणि विधिमंडळानं निवडलेला खजिनदार. साधारण महिन्यातून दोनदा राजधानी अॅनापोलिसला बैठक होते. मोठी कंत्राटं, सरकारी जमिनींची विक्री, सगळं तिथे येतं. प्रत्येकाला एकच मत. बाकीचे दोघं विरोधात गेले तर गव्हर्नरसाहेबांचा प्रस्ताव पडतो. वर्ष चालू असताना तरतुदींना काही अपवाद सोडून 25 टक्क्यांपर्यंत कात्री लावायचा अधिकारही या तिघांनाच.

आता आपल्याकडे बघा. जयंत पाटील 1999 पासून 2008 पर्यंत अर्थमंत्री होते, ओळीनं नऊ अर्थसंकल्प मांडले. तेही आमदारच. पण अर्थमंत्री झालेला आमदार पैसा मागणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसतो. मंजूर करणाऱ्या आमदारांना राज्यघटनेच्या अनुच्छेद 203 नुसार मागणी नाकारता येते, कमी करता येते, वाढवता येत नाही. म्हणून तर कपात सूचनांचा खेळ. मेरीलँडच्या आमदारांचेही हात असेच बांधलेले होते. 2020 च्या घटनादुरुस्तीनं गव्हर्नरनं घातलेल्या एकूण रकमेच्या आत वाढ-घट करायची मुभा त्यांना मिळाली. पण त्याआधीही तिजोरीपाशी त्यांचा माणूस उभा होताच. आपला आमदार तिजोरीतून पैसा काढायची परवानगी देणाऱ्या विनियोजन विधेयकाला हात वर करतो आणि पुढच्या वाटेवरून बाजूला होतो. रोकड रिझर्व्ह बँकेकडे, बिल कोषागाराकडे, हिशेब महालेखाकारांकडे. खर्च कसा झाला हे लोकलेखा समितीत कळतं, तोवर कंत्राटदाराचं बिल कधीच निघालेलं असतं. 31 मार्चच्या रात्री आमच्याकडे बिलांचे गठ्ठे यायचे तेव्हा एकही लोकप्रतिनिधी पाहिला नाही. एरवी त्यांचे पीए यायचे, साहेबांच्या वैद्यकीय बिलाला ऑब्जेक्शन का लागलं ते विचारायला.

असा खजिनदार आपल्याला हवा का? मला विचाराल तर हवा. मंत्रिमंडळाबाहेरचा, सभागृहानं निवडलेला, कंत्राटावर ‘नाही’ म्हणता येणारा.

प्रश्न : इलिनॉयमध्ये तर खजिनदाराला लोकच मत देतात, असं माझा भाऊ सांगतो. मग खरं काय?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : दोन्ही खरं, राज्यागणिक रीत वेगळी. जिथे लोक निवडतात तिथे हे पद पायरी ठरतं. मिसुरीचे एरिक श्मिट राज्याचे सिनेटर, मग 2017 मध्ये खजिनदार, मग ॲटर्नी जनरल, 2023 पासून थेट वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये. त्यांच्या जागी आलेले स्कॉट फिट्झपॅट्रिक विधानसभेच्या बजेट समितीचे अध्यक्ष होते, पुढे राज्याचे ऑडिटर झाले. त्यांच्यानंतर विवेक मलिक आले. ते मूळचे हरियाणातल्या रोहतकचे, पण आमदारकी न करता आलेले.

इलिनॉयचे मायकेल फ्रेरिक्स शँपेनचे सिनेटर होते, 2014 च्या अटीतटीच्या लढतीत खजिनदार झाले. तिथे पैसे द्यायचा आदेश कॉम्पट्रोलर काढतो आणि रोकड खजिनदाराकडे असते, आपल्या सोसायटीच्या चेकवर दोन सह्या लागतात तसं. त्यामागे एक जुनं प्रकरण आहे. ऑर्व्हिल हॉज हाही आमदारकी करूनच राज्याचा ऑडिटर झाला होता. त्यानं खोट्या सरकारी चेकवर दहा लाखांहून जास्त डॉलर खाल्ले. 1956 मध्ये पकडला गेला, तुरुंगात गेला. ऑडिटरचं ते पद 1970 च्या राज्यघटनेनं मोडीत काढलं आणि कॉम्पट्रोलर आणला.

भावाला एक सांगा. इलिनॉयमध्ये बंद पडलेली बँक खाती, न वटवलेले चेक, न नेलेली डिपॉझिट खजिनदाराच्या ताब्यात जातात. त्या कार्यालयाच्या वेबसाइटवर नाव टाकून बघायला काही फी नाही. नावाचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहू दे, मराठी आडनावांचं तिकडे काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.