‘मी नसलो की गडबड होते’

दुकानदार असोत, मुख्याध्यापिका असोत की घरातल्या सासूबाई, नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक तक्रार ठरलेली: ‘दुसऱ्याला सांगण्यात दुप्पट वेळ जातो, त्यापेक्षा आपणच केलेलं बरं.’ परवा मिहान या इथल्या उद्योगक्षेत्रातला एक टीम लीडरही तेच म्हणाला. म्हणून ही एका कारखानदाराची हकिकत, ओळख पटणार नाही इतपत बदललेली.

हे गृहस्थ कूलर बनवतात. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांकडे सरकला की त्यांचा फोन थांबत नाही. झोप उडालेली, ॲसिडिटी, घरात चिडचिड. ‘वेळेचं नियोजन शिकवा,’ म्हणाले. वेळापत्रकाला मी हातच लावला नाही. कोण काय विचारतं, एवढंच आठवडाभर वहीत लिहायला सांगितलं.

वही भरून आली. बहुतेक प्रश्न पुतण्याचे. काका, पंप कुठून आणू? ताट्या आजच बदलू? गाडीवाल्याला किती देऊ?

‘त्याला हे कळत नाही?’

‘सगळं कळतं, मॅडम. कारखान्यातच मोठा झाला तो.’

‘मग विचारतो कशाला?’

बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘एकदा न विचारता पंप आणले त्यानं. दोन खराब निघाले. कारागिरांसमोर फार बोललो मी.’

‘नुकसान किती झालं?’

‘दुकानदारानं बदलून दिले. येण्याजाण्यात हजारभर गेले असतील.’

‘आणि तुम्ही अशा फोनांत अडकल्यामुळे काय हुकलं?’

एका हॉस्टेलची ऑर्डर. कोटेशन वेळेत गेलंच नव्हतं. तो आकडा सांगता सांगता ते थांबले आणि हसायलाच लागले. ‘म्हणजे हजार रुपयांसाठी मी रात्री साडेअकराला फोन उचलून राहिलो!’

असं हसू आलं की माझं निम्मं काम झालेलं असतं. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर घडले. माणूस घटनेपेक्षा स्वतःच घातलेल्या अटीनं जास्त बेजार होतो, हे मला रोज दिसतं. चूक होऊ नये ही इच्छा रास्तच. पण ‘चूक होताच कामा नये’ म्हटलं की हाताखालचा माणूस काम सोडून परवानग्या मागत बसतो. मालकांना ही माणसं कच्ची वाटतात. मला ती बहुधा घाबरलेली दिसतात.

मग पुढचं सोपं होतं. ‘तू बघून घे’ हे काम सोपवणं नव्हे, अंग काढून घेणं आहे. काय हवं, कधीपर्यंत, किती रुपयांपर्यंत न विचारता ठरवायचं आणि मी कधी विचारणार, एवढं आधी बोलून घ्या. कसं करायचं ते त्याच्यावर सोडा. यांनी पाच हजारांची मर्यादा ठेवली, हिशेबाला संध्याकाळी सातची वेळ. सकाळचा पहिला तास फोन बंद, फक्त कोटेशनं. गिऱ्हाइकापुढे जबाबदारी मात्र काकांचीच राहिली.

पुतण्या चुकलाच. वाळ्याच्या ताट्या हलक्या आणल्या. काकांनी त्याला बाजूला नेऊन एवढंच विचारलं, ‘पुढच्या वेळी काय पाहून घेशील?’ हे वाक्य आम्ही खोलीत घोकून घेतलं होतं, तरी जड गेलं म्हणाले.

असं काही करायचं असेल तर ऐन सीझनमध्ये नको. आम्ही डिसेंबरात सुरू केलं, म्हणून पोराला चुकायला सवड मिळाली.